दांडा ‘पी’त अडकला म्हणजे गिअरबॉक्स गेला असे नव्हे

ऑटोमॅटिक गाडीचा दांडा ‘पी’मध्ये, म्हणजे पार्कमध्ये अडकून बसला आहे, ब्रेक दाबला तरी निघत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक आता आपल्या गॅरेजवाल्यांना नवीन राहिलेले नाही. पूर्वी अशा गाड्या मोजक्या असत आणि त्यांचे मालक थेट कंपनीच्या वर्कशॉपची वाट धरीत. आता त्या कापडवाल्या शेठकडे आहेत, शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे आहेत, आणि वॉरंटी संपली की गल्लीतल्या मिस्त्रीकडेच येतात. म्हणून या वेळी आम्ही या एकाच बिघाडाबद्दल लिहीत आहोत. बिघाड लहान आहे, पण त्याच्यापायी एका चांगल्या कारागिराचे नाव कसे खराब झाले ते आम्ही जवळून पाहिले.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आसपास जुन्या-नव्या सुट्या भागांची दुकाने आणि गॅरेजे एकमेकांना चिकटून आहेत. तिथले एक उस्ताद आमच्या जुन्या ओळखीचे. हाताला साफ, बोलण्यात गोड, बिल लिहून देणारे. नाव छापू नका, बाकी सगळे छापा, म्हणजे दुसऱ्या कुणाचे असे होणार नाही, असे त्यांनीच सांगितले.

झाले असे. एका सकाळी त्यांच्या रोजच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. गाडी बिल्डिंगखाली उभी आहे, बटण दाबले तर चालू होत नाही आणि दांडाही ‘पी’मधून हलत नाही. उस्ताद गेले. बॅटरी पार बसलेली. दुसऱ्या बॅटरीची केबल लावून गाडी चालू केली, ब्रेकवर पाय ठेवला, दांडा लोण्यासारखा निघाला. बॅटरी चार वर्षांची होती. उस्तादांनी नवी बसवून दिली, पैसे घेतले, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोन. नवी बॅटरीही बसली होती. गिऱ्हाइकाचा आवाज बदलला होता. “उस्ताद, जुनी बॅटरी रंगवून दिलीत काय मला?” या वाक्याने त्यांना रात्रभर झोप लागली नाही, असे ते सांगतात. त्यांनी गाडी गॅरेजला आणली. तोंड बाहेर आणि पाठ भिंतीला, अशी लावली. दांड्याच्या आत कुठे तरी वायर शॉर्ट असणार असे धरून मधला कन्सोल खोलला, अर्धा दिवस घालवला, काही सापडले नाही. बॅटरी चार्ज केली, दांडा व्यवस्थित चालला, गाडी परत दिली. तिसऱ्या सकाळी गाडी पुन्हा मेलेली. गिऱ्हाइकाने ती उचलून दुसरीकडे नेली आणि तिथल्या मुलाने डिकीमागे उभे राहून पाच मिनिटांत दोष सांगितला.

काय होता तो दोष, ते पुढे सांगू. आधी हा दांडा अडकतो कसा, ते समजून घेतले पाहिजे. ते न समजता ज्याने डिसमिस हातात घेतला तो अंधारात चाचपडणार.

पार्कमध्ये नेमके काय असते

‘पी’ म्हणजे एक साधा खटका आहे. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चाक बसवलेले असते. दांडा ‘पी’मध्ये नेला की एक पोलादी जीभ त्या दात्यांच्या खाचेत पडते. मग गाडी पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. घराच्या दाराला आतून अडसर घालतो, तसे हे काम.

हा झाला गिअरबॉक्समधला अडसर. पण दांड्याला वर दुसरे एक कुलूप असते आणि शेकड्यातील बहुतेक तक्रारी त्या कुलपाच्या असतात. हे कुलूप दांड्याच्या मुळाशी, कन्सोलच्या प्लास्टिकखाली असते. त्यात एक छोटा सोलेनॉइड असतो. आपले मिस्त्री त्याला ‘सोलोनाइड’ म्हणतात, काही हरकत नाही. किल्ली ऑन असेल आणि ब्रेक पेडल दाबलेले असेल, तरच त्याला वीज मिळते, तो ‘टक’ करतो, आणि दांडा मोकळा होतो. ब्रेक दाबल्याची खबर त्याला कोण देतो? पेडलच्या वर, स्टिअरिंगखाली बसवलेला ब्रेकलाइटचा स्विच. म्हणजे मागचे लाल दिवे लावणारा आणि दांड्याचे कुलूप उघडणारा, बहुतेक गाड्यांत एकच स्विच आहे. ही एक गोष्ट ज्याच्या ध्यानात राहिली त्याचे निम्मे काम झाले.

हे कुलूप आले कुठून, हाही किस्सा धंद्यातल्या माणसाने ऐकावा असा आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी कंपनीच्या ५००० या गाडीबद्दल लोक सांगू लागले की गाडी आपोआप सुसाट सुटते. १९८६ साली तिथल्या दूरचित्रवाणीवर त्याचा मोठा कार्यक्रम झाला आणि कंपनीची विक्री कोसळली. १९८७ मध्ये कंपनीने सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून त्यांना हे ब्रेक-दांडा कुलूप बसवून दिले. १९८९ मध्ये सरकारी तपासाचा अहवाल आला. निष्कर्ष असा की बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. दांडा ‘पी’मधून काढताना पाय ब्रेकवरच असला पाहिजे, अशी सक्ती यंत्रानेच केली तर ही चूक टळते. पुढे इतर कंपन्यांनीही हे कुलूप स्वीकारले. २००८ साली अमेरिकेत मुलांच्या मोटार-सुरक्षेचा कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०१० पासून तयार होणाऱ्या, पार्क असलेल्या हलक्या गाड्यांना ते तिथे बंधनकारक झाले. इंजिन चालू ठेवून वडील पान घ्यायला उतरले आणि मागे बसलेल्या पोराने पुढे येऊन दांडा ओढला, तर काय होईल याचा विचार करा. हे कुलूप त्या पोरासाठी आहे.

फोनवरच दोन प्रश्न विचारा

गिऱ्हाइकाकडे धावण्यापूर्वी फोनवर पहिला प्रश्न विचारावा: तुमच्या दांड्यावर ‘पी’ आहे का? प्रश्न वेडगळ वाटेल, पण आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून जी स्वस्त ऑटोमॅटिक आली, ज्याला एएमटी म्हणतात, तिच्या दांड्यावर ‘पी’ नसतोच. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबायचे काम यंत्र करते. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावून उभी करायची असते. तिच्या तक्रारी वेगळ्या, उपाय वेगळे. लोक दोघींनाही ‘ऑटोमॅटिक’च म्हणतात. आमच्या माहितीतला एक मुलगा ‘पी’ अडकला असे समजून मुंब्र्याहून पनवेलपर्यंत गेला आणि पुढे एएमटी उभी होती. पेट्रोलचे पैसे कोण देणार?

दुसरा प्रश्न: काल रात्री गाडी कुठे उभी होती, सपाटीवर की उतारावर?

उतारावर असेल तर अनेकदा दोष गाडीचा नसून सवयीचा असतो. लोक ‘पी’मध्ये टाकून लगेच ब्रेकवरचा पाय काढतात, हँडब्रेक मागाहून लावतात. गाडीचे सगळे ओझे त्या पोलादी जिभेवर येऊन बसते. सकाळी दांडा ओढायला जावे तर तो दगडासारखा, आणि निघालाच तर ‘खाड्’ असा आवाज. याला उपाय असा की ब्रेकवर पाय तयार ठेवून दोघा-तिघांनी गाडीला चढाच्या बाजूने जरासा रेटा द्यावा. जिभेवरचे ओझे कमी झाले की दांडा सुटतो. ताकदीने ओढू नये, केबलचे टोक तुटते. गिऱ्हाइकाला पुढची सवयही शिकवावी: ब्रेक दाबून गाडी थांबवा, दांडा ‘एन’मध्ये घ्या, हँडब्रेक लावा, पाय हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’मध्ये टाका. याचे पैसे मागता येत नाहीत, पण हे शिकवणारा मिस्त्री गिऱ्हाईक विसरत नाही.

मागे जाऊन बघा

गाडी सपाटीवर असेल, तर आता गाडीपाशी जा आणि सर्वात आधी बॅटरी बघा. किल्ली ऑन केल्यावर मीटरचे दिवे मंद असतील किंवा लागतच नसतील, तर कुलपाला वीजच नाही, ते उघडणार कसे? बटणवाल्या गाडीत तर गिऱ्हाइकाला किल्ली ऑन झाली की नाही हेच कळत नाही. किल्लीच्या गाडीत स्टिअरिंग लॉक होऊन किल्ली अर्धवट फिरलेली असते, तेव्हाही दांडा सुटत नाही. स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवून किल्ली पूर्ण फिरवा.

बॅटरी ठीक असेल तर ब्रेक दाबायला एकाला बसवा आणि स्वतः मागे जाऊन उभे राहा. एकटे असाल तर गाडीची पाठ भिंतीकडे करा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा मागे लावून ठेवा. तिन्ही लाल दिवे लागले पाहिजेत आणि पाय काढला की तिन्ही विझले पाहिजेत. आम्ही दोन्ही गोष्टी मुद्दाम लिहिल्या आहेत. लागतात की नाही हे सगळे बघतात, विझतात की नाही हे फार थोडे.

एकही दिवा लागत नाही. तिन्ही बल्ब एकाच दिवशी जात नसतात, म्हणून बल्बच्या मागे लागू नका. आधी फ्यूज बघा. ब्रेकलाइटचा फ्यूज उडाला असेल तर तो उगीच उडत नाही. डिकीत नवी एलईडी पट्टी, मागचा कॅमेरा, टपावरचा जादा दिवा यांची वायर कुणी तरी ब्रेकलाइटच्या वायरला पीळ मारून जोडलेली असते, टेप सुटतो, पत्र्याला लागते, फ्यूज जातो. तिथे जाडा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणाऱ्याला आम्ही कारागीर म्हणणार नाही. दहाच्या जागी तीसचा फ्यूज घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायर सीटखालून जाते.

फ्यूज शाबूत असेल तर पेडलजवळचा स्विच. मीटर लावा. साध्या दोन वायरींच्या स्विचला एका वायरीवर बॅटरीची वीज कायम असते, पेडल दाबले की ती दुसरीवर आली पाहिजे. पहिल्यावरच नसेल तर दोष मागे, फ्यूजकडे. पहिल्यावर आहे, दुसऱ्यावर येत नाही, तर स्विच मेला. दुसऱ्यावर येते आणि दिवे लागत नाहीत, तर पुढची वायरिंग किंवा अर्थिंग. नव्या गाड्यांत ही खबर आधी कॉम्प्युटरच्या डब्यात जाते, म्हणून बल्बचा टेस्ट लॅम्प इथे वापरू नये, मीटरच वापरावा. आणि स्टिअरिंगखाली पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे. त्यांना हात नाही.

एक बारीक गोष्ट आणखी आहे. बऱ्याच गाड्यांत स्विचला चार वायरी असतात, आत दोन वेगवेगळे संपर्क. दिव्यांचा चांगला आणि दुसरा खराब, असे होऊ शकते. तेव्हा दिवे लागतात, तरी कुलूप उघडत नाही. ‘दिवे लागतात म्हणजे स्विच चांगला’ हा हिशेब नेहमी खरा नसतो. गिऱ्हाईक म्हणाले की “जोरात दाबले की निघतो, हळू दाबले की नाही,” तर स्विच बहुधा सरकला आहे. तो आटे फिरवून किंवा पाव फेरा देऊन बसवलेला असतो, नीट लावला की काम होते. इंजिन बंद असताना पेडल तीन-चार वेळा दाबले की ते कडक होते आणि पुरेसे खाली जात नाही, तेव्हाही दांडा सुटत नाही. हा बिघाड नव्हे. पाय थोडा जोराने द्यायचा, एवढेच.

दिवे नीट लागतात, नीट विझतात, तर आता कान लावा. रस्त्यावरचा आवाज बंद करता येत नाही, पण काचा वर करता येतात. किल्ली ऑन, ब्रेक दाबा, दांड्याच्या मुळाशी ‘टक’ ऐकू येतो का? येत नसेल तर सोलेनॉइडपर्यंत वीज पोचते का ते बघायचे. पोचते आणि तो हलत नाही, तर सोलेनॉइड गेला. ‘टक’ येतो आणि दांडा तरी अडतो, तर अडथळा यंत्राचा आहे: दांड्याच्या मुठीतले बटण अर्धवट दबते, आत प्लास्टिकचा तुकडा मोडला आहे, किंवा पोरांनी नाणे आत सोडले आहे. चहा आणि सरबत सांडून आत साखरेचा चिकटा बसलेल्या गाड्या तर दर मोसमात येतात. दांड्याजवळ पेल्याची जागा ज्याने काढली त्याला आपल्याकडचा कटिंग चहा माहीत नसावा.

शेवटची परीक्षा सगळ्यात मोलाची. बऱ्याच गाड्यांत दांड्याच्या शेजारी बोटाच्या पेराएवढे झाकण असते. काहींत त्यावर ‘शिफ्ट लॉक’ असे इंग्रजीत लिहिलेले असते, काहींत झाकण साधेच असते. डिसमिसच्या टोकाला फडके गुंडाळून ते अलगद उचला, नाहीतर ओरखडा उठेल आणि गिऱ्हाईक तोच बघेल. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, पाय ब्रेकवर ठेवा, मग भोकात किल्ली किंवा बोथट काडी दाबून दांडा ‘एन’मध्ये आणा. ऑटोमॅटिक गाडी ‘एन’मध्येही चालू होते, त्यामुळे बॅटरी ठीक असेल तर गिऱ्हाईक गॅरेजपर्यंत स्वतः येऊ शकते.

आणि निदान असे: हे दाबून दांडा निघाला, तर गिअरबॉक्स आणि केबल चांगले आहेत, दोष कुलपात किंवा त्याच्या विजेत आहे. दाबूनही निघत नाही, तर केबल किंवा आतली जीभ. एका किल्लीच्या टोकाने इतका मोठा निकाल लागतो. तो लावण्याआधी ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ हे वाक्य तोंडातून काढू नये. ज्यांत दांड्याऐवजी गोल चकती किंवा बटणे आहेत, त्या गाड्यांत मात्र असे भोक नसूही शकते. तिथे स्कॅनर लागतो आणि मालकाचे पुस्तक आधी उघडावे लागते.

उस्तादांच्या गाडीत काय होते

आता कुर्ल्याच्या उस्तादांकडे परत येऊ. पेडलच्या दांडीला एक लहान भोक असते, त्यात रबराचे किंवा प्लास्टिकचे बटण बसवलेले असते. पाय पेडलवर नसताना स्विचची काडी या बटणावर टेकून आत दबलेली राहते, म्हणून दिवे बंद. उन्हाने आणि वयाने ते बटण ठिसूळ होऊन मोडले. काडी थेट भोकातून आरपार गेली आणि स्विचला वाटले की ब्रेक कायम दाबलेला आहे. ब्रेकलाइटला किल्ली लागत नाही, वीज सरळ बॅटरीची. एकवीस वॅटचे दोन बल्ब रात्रभर जळले की साडेतीन अँपिअरच्या हिशेबाने दहा तासांत पस्तीस अँपिअर-तास निघून जातात. लहान गाडीची बॅटरी तेवढीच असते. सकाळी बॅटरी मेलेली, म्हणून कुलपाला वीज नाही, म्हणून दांडा ‘पी’त अडकलेला. बॅटरी लावली की सगळे ठीक. कन्सोल खोलून त्यात काय सापडणार होते?

उस्ताद म्हणाले, “दिवे मागे जळत होते आणि मी पुढे डोके घालून बसलो होतो.” गाडीची पाठ भिंतीला होती, शागिर्दालाही दिसले नाही. पायाखालच्या चटईवर बटणाचा चुरा पडलेला होता, तोही कुणी तरी झाडून टाकला.

त्या बटणाची किंमत एका प्लेट बिर्याणीपेक्षा कमी. ते हाताशी नसेल तर भोकात गोल डोक्याचा लहान बोल्ट नटसह घट्ट बसवून गाडी त्या दिवसापुरती घरी पाठवता येते, पण मागून खरे बटण बसवलेच पाहिजे. दुसरेही ध्यानात घ्या. हे बटण मोडलेले असताना दांड्याला कुलूपच राहत नाही, ब्रेक न दाबता तो ‘पी’मधून निघतो. म्हणजे बॅटरी बसायच्या आधी दोन दिवस ती गाडी धोकादायक होती आणि कुणाच्या लक्षात आले नाही.

गिऱ्हाइकाने मोहल्ल्यात सांगायचे ते सांगितलेच. त्याच्या दोन चुलतभावांच्या गाड्याही उस्तादांकडे येत असत, त्या थांबल्या. उस्तादांनी बॅटरीचे बिल, गॅरंटी कार्ड आणि त्यावरचा नंबर घेऊन त्याच्या दुकानात जाऊन दाखवला, बॅटरी खरीच नवी होती हे त्याने मान्य केले. कन्सोल खोलल्याची मजुरी उस्तादांनी परत केली. बॅटरीचे पैसे परत केले नाहीत आणि करायला नको होते असे आमचेही मत आहे. बॅटरी खरी होती आणि आजही चालते आहे. मजुरी मात्र चुकीच्या जागी खोदल्याची होती.

अंगणात उभ्या गाड्या

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या वाचकांसाठी थोडे वेगळे. तिथे आखातात नोकरी करणाऱ्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने अंगणात उभ्या असतात. सुट्टीवर आलेला मालक किल्ली फिरवतो तर बॅटरी मेलेली आणि दांडा ‘पी’त. लोक चार पोरांना बोलावून गाडी ढकलायला लावतात, नाहीतर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतात. ‘पी’मध्ये असलेली गाडी ओढली तर ती पोलादी जीभ किंवा तिचे दाते मोडतात, आणि मग खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आधी भोकातून कुलूप सोडून ‘एन’मध्ये घ्या, मग अंगणापुरती ढकला. ‘एन’मध्ये घेऊनही चाक हलत नसेल तर दांड्याला दोष देऊ नका. कोकणच्या दमट हवेत ओढून ठेवलेला हँडब्रेक आत गंजून धरतो. म्हणून जास्त दिवसांसाठी सपाटीवर ठेवलेल्या गाडीचा हँडब्रेक सोडून चाकांना दगड लावणे बरे.

लांब न्यायची असेल तर गाडी पूर्ण उचलून नेणारे वाहनच मागवावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून ओढत नेली की आतले भाग कोरडे फिरतात आणि घासतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी निदान पुढची चाके उचलून न्यावी.

याच गावांतून आखातात गेलेले कितीतरी मिस्त्री शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात किंवा सौदीच्या सनाइयांत वर्षानुवर्षे ऑटोमॅटिक गाड्याच उघडत आले. परत आल्यावर त्यांतले काही रिक्षा चालवतात, काही किराणा दुकान टाकतात. आमच्या गॅरेजवाल्यांनी अशा माणसाला आठवड्यातून दोन दिवस तरी बोलवावे. शारजात बारा वर्षे काढलेल्या अशाच एका चाचांना आम्ही उस्तादांची हकीकत सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबवून त्यांनी विचारले, “चटई झाडली होती का?”

कुलूप काढून टाका म्हणणारे

एक प्रकार मात्र आम्हाला साफ नापसंत आहे. सोलेनॉइड गेला की नवा महाग पडतो, कधी पूर्ण दांड्याचा संच घ्यावा लागतो. मग गिऱ्हाईक म्हणते, “मिस्त्री, ते लॉकच काढून टाका ना, कशाला हवे?” आणि मिस्त्री खटका वायरने बांधून मोकळा करून देतो. दहा मिनिटांचे काम, रोख पैसे. वर सांगितलेले भोक एका वेळेच्या अडचणीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. कुलूप काढलेल्या गाडीत पोराने दांडा ओढला आणि गाडी भिंतीवर, नाहीतर माणसावर गेली, तर शेवटचा हात कुणाचा होता हे पोलीसही विचारतील आणि विमा कंपनीही. गिऱ्हाईक तेव्हा ‘मीच सांगितले होते’ असे म्हणेल, याची आशा धरू नका. चोर बाजारातून किंवा कुर्ल्यातून त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला संच पारखून आणा, तो जुना आहे असे बिलावर लिहा, बसवून द्या. नाही परवडत म्हणाला, तर काम सोडा.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर तीही बोलू. बटण दोन-चार रुपयांच्या नफ्याचे आणि शोधायला लागला एक तास, मग बिल कसे करायचे, हा आमच्याकडे नेहमी येणारा प्रश्न. काही जण लाजून काहीच घेत नाहीत, काही जण बटणाच्या जागी ‘गिअर लॉक दुरुस्ती’ लिहून हजारो घेतात. दोन्ही चूक. तपासणीची मजुरी वेगळी लिहा आणि गाडीला हात लावण्याआधी सांगा: इतके तपासण्याचे, दोष सापडल्यावर सुट्या भागाचे वेगळे. डॉक्टर गोळीच्या किमतीवरून फी ठरवत नाही. आधी सांगितलेल्या पैशाला सहसा कुणी नाही म्हणत नाही, मागून सांगितलेल्याला सगळेच म्हणतात.

गॅरेजात काय ठेवावे, असेही काहींनी विचारले. तुमच्या भागात ज्या तीन-चार मॉडेलच्या गाड्या जास्त येतात त्यांचे ब्रेकलाइट स्विच एक-एक, पेडलची बटणे मूठभर, योग्य अँपिअरचे फ्यूज, एक बरा मीटर. एका फळीवर मावेल एवढेच आहे हे. स्कॅनर असला तर उत्तमच, तो बहुतेक गाड्यांत ब्रेकची खबर येते की नाही ते पडद्यावर दाखवतो, पण तो नसला तरी वर सांगितलेली तपासणी होते.

उस्तादांनी आता एक पद्धत ठेवली आहे. बॅटरी बसल्याची तक्रार घेऊन कुठलीही गाडी आली, ऑटोमॅटिक असो की नसो, ती गॅरेजात पाठ बाहेर ठेवूनच लावायची. भिंतीवर खडूने तसे लिहून ठेवले आहे. आणि गल्ल्याजवळ एक काडेपेटी आहे, तिच्यात मोडक्या बटणांचे तुकडे. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी ती उघडून दाखवली. तुकडे सहा गाड्यांचे होते.